वाईटात वाईट क्रम

दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. नाशिकमध्ये पुराची भाषा अजून हीच आहे. पाटबंधारे खातं विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर करतं, वाहिन्या तो आकडा दाखवतात, आणि ऐकणारा विचारतो, "म्हणजे मारुतीच्या कुठपर्यंत?" पाणी आणखी चढलं की मापं बदलतात. मग सरकारवाड्याच्या पायऱ्या मोजल्या जातात, सराफ बाजाराचं नाव निघतं आणि त्याही पुढे नारोशंकराची घंटा येते. नारोशंकर राजेबहादरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या देवळावरची ही घंटा १७२१ साली ओतलेली, पोर्तुगीज घडणीची. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर ती इकडे आली. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, असा शहराचा हिशेब. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही सगळी मापं पुन्हा लोकांच्या तोंडी आली.

मारुतीचं माप उत्तम आहे, पण त्यातून एकच गोष्ट कळते: पाणी किती चढलं. ते कसं चढलं, पाऊस आधी जोरात पडून मग ओसरला की रिमझिमीने सुरू होऊन शेवटी कोसळला, हे मारुती सांगत नाही. पूर मोजणाऱ्यांच्या धंद्याला हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे हे कळायला बराच काळ जावा लागला. पुढे याच प्रश्नाला दुसऱ्या एका धंद्याने हात घातला. संगणकाच्या चिपांमधून सेकंदाला अब्जावधी शून्य-एक पाठवणाऱ्या अभियंत्यांना नदीशी काही देणंघेणं नव्हतं, तरी ते त्याच गणिताशी पोचले.

आधी नदीकडचं पाहू. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा पुलांच्या खांबांवर कमाल पूररेषा रंगवण्याची पद्धत पडली. पाहिलेला सगळ्यात मोठा पूर घ्यायचा, त्यावर थोडी उंची सोडायची आणि गर्डर बसवायचे. हा मारुतीचाच सरकारी अवतार म्हणायचा. मग सूत्रं आली. बंगालकडे डिकन्सचं, मद्रासकडे राइव्हचं, आणि मुंबई इलाख्यासाठी क्लॉड इंग्लिस यांचं. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राशी इंग्लिस यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्या सूत्रात पाणलोटाचं क्षेत्रफळ घालायचं, की पुराचा आकडा बाहेर पडतो: क्षेत्रफळाला १२४ ने गुणायचं आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून आलेल्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. गंगापूर धरणाच्या वरचा पाणलोट साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटरचा आहे. त्यावर हे सूत्र चालवलं की उत्तर येतं सेकंदाला सुमारे २,३०० घनमीटर, म्हणजे ८१ हजार क्युसेकच्या आसपास.

सूत्र सोपं होतं, आणि ज्या प्रदेशातल्या पुरांवरून ते बांधलं तिथे ते बरं चालायचं. पण त्याला फक्त क्षेत्रफळ कळतं. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे जातो. हा फरक सूत्राच्या गावी नाही. पावसाच्या क्रमाचा तर प्रश्नच नाही.

क्रमाला गणितात जागा दिली ती एका अमेरिकी अभियंत्याने. एप्रिल १९३२ मध्ये लेरॉय शर्मन यांनी एका अभियांत्रिकी साप्ताहिकात युनिट हायड्रोग्राफची कल्पना मांडली. मराठीत त्याला एकक जलालेख म्हणतात. कल्पना अशी: एखाद्या पाणलोटावर ठरावीक वेळात नेमका एक सेंटिमीटर पाऊस वाहून जाण्याजोगा पडला, तर नदीच्या एका ठिकाणी पाणी तासागणिक कसं चढेल आणि उतरेल ते एकदा काढून ठेवायचं. ही त्या पाणलोटाची सही. पुढे कितीही पाऊस पडो, त्याचे एकेका तासाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी ही सही तितक्या पटीने मोठी करायची, प्रत्येकीला आपापल्या वेळी सुरू करायची आणि सगळ्यांची बेरीज करायची.

एक छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे, आकडे समजण्यापुरते. समजा एक सेंटिमीटर पावसाने नदीत तासागणिक सेकंदाला १०, ४०, ३०, १५ आणि ५ घनमीटर पाणी येतं. आता तीन तासांत मिळून १० सेंटिमीटर पाऊस पडला: एका तासात ६, एका तासात ३, एका तासात १. तो ६, १, ३ अशा क्रमाने पडला तर पुराचा माथा २५० वर थांबतो. ६, ३, १ असा ओसरत गेला तर माथा ३१०. आणि १, ३, ६ असा चढत गेला तर ३४५. पाऊस तेवढाच, पाणलोट तोच, तरी पुरात जवळजवळ चाळीस टक्क्यांचा फरक.

हा वाईटात वाईट क्रम शोधायला सगळे पर्याय तपासावे लागत नाहीत. जलालेखाच्या सगळ्यात मोठ्या आकड्यासमोर पावसाचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवायचा, दुसऱ्या मोठ्यासमोर दुसरा, तिसऱ्यासमोर तिसरा. मग पावसाची ही यादी खालून वर वाचायची. जो पाऊस आधी पडला त्याचं पाणी माथ्याच्या वेळेपर्यंत उतरणीला लागलेलं असतं आणि जो नुकताच पडला त्याचं ऐन भरात असतं, म्हणून यादी उलटावी लागते. कॅल्क्युलेटरच्या आधीच्या काळात पावसाचे आकडे कागदाच्या पट्टीवर उलट्या क्रमाने लिहीत आणि ती पट्टी जलालेखाच्या रकान्याशेजारून एकेक घर खाली सरकवीत. प्रत्येक घराला गुणाकार आणि बेरीज. जलविज्ञानात याला पावसाचा क्रांतिक क्रम म्हणतात, आणि धरणाच्या सांडव्याची रुंदी, दारांची उंची, बांधाचा माथा हे सारं शेवटी त्याच्यावर उभं असतं.

महाराष्ट्रात या कामाचा पत्ता नाशिकचा आहे. दिंडोरी रोडवर १९५९ मध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची 'मेरी', सुरू झाली. राज्यातल्या धरणांची संकल्पचित्रं करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना तिथेच. १९८० मध्ये आलेली धरण सुरक्षितता संघटनाही नाशिकचीच. जलविज्ञान प्रकल्पाच्या नोंदींचा साठाही इथेच. द्राक्षं आणि सिंहस्थ यांच्या बोलबाल्यात शहराची ही ओळख झाकली जाते. कोकणातलं किंवा विदर्भातलं एखादं धरण किती मोठा पूर पेलेल, याचा हिशेब रामकुंडापासून चार-पाच किलोमीटरवर होतो, हे पुष्कळ नाशिककरांनाही ठाऊक नसतं.

इंग्लिसच्या सूत्रापासून जलालेखापर्यंतचा प्रवास देशभर सावकाश झाला. ए. एन. खोसला यांच्या अध्यक्षतेखालच्या अभियंत्यांच्या समितीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या ठोक सूत्रांऐवजी मोजमापांवर आधारलेली पद्धत हवी, असा आग्रह धरला. मग देशाचे जलहवामानशास्त्रीय उपविभाग पाडले गेले. त्यांत वरची गोदावरी '३-ई' या क्रमांकाची. निवडक रेल्वे पुलांपाशी पाण्याची पातळी आणि पाणलोटातला पाऊस वर्षानुवर्षं मोजून प्रत्येक उपविभागासाठी जलालेख बांधण्याची रीत ठरली. ज्या खांबांवर एकेकाळी नुसती रेघ मारली जायची तिथे आता तासागणिक नोंदी होऊ लागल्या.

पण क्रम लावायला आधी पाऊस किती घ्यायचा? इथे सह्याद्री आडवा येतो. २ जुलै १९४१ रोजी गुजरातेतल्या धरमपूरला एका दिवसात ९८७ मिलिमीटर पाऊस झाला. धरमपूर म्हणजे पेठ-सुरगाण्याचा घाट उतरलं की पलीकडचा प्रदेश. नोंदलेलं वादळ नकाशावर उचलून आपल्या पाणलोटावर ठेवून पाहायचं, ही जलहवामानशास्त्रातली मान्य पद्धत आहे. मात्र घाटाच्या पश्चिमेचं वादळ पूर्वेला जसंच्या तसं ठेवता येत नाही. डोंगर ढगांतलं पाणी आधीच काढून घेतो. किती काढून घेतो हा वादाचा विषय. असं करत जो सर्वाधिक शक्य पाऊस ठरतो त्याला वाईटात वाईट क्रम लावला की मिळतो कमाल संभाव्य पूर, पीएमएफ. भारतीय मानकानुसार, १९८५ च्या आयएस ११२२३ प्रमाणे, ६ कोटी घनमीटरपेक्षा जास्त साठ्याचं किंवा ३० मीटरपेक्षा जास्त जलशीर्षाचं धरण या पुराला पुरलं पाहिजे. लहान धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पुरतो. १९६५ मध्ये पूर्ण झालेलं गंगापूर साठ्यानेच मोठ्यांच्या पंगतीत बसतं.

हा कडक नियम पुस्तकातून आलेला नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी सौराष्ट्रातलं मच्छू-२ धरण फुटलं आणि मोरबी शहर वाहून गेलं. आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या अंदाजे तिप्पट होता.

आता दुसरा धंदा. त्याची सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली. १८५८ मध्ये अटलांटिकखालून पहिली तार टाकली गेली तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. कारण विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, चार वर्षं आधीच ओळखलं होतं. तारेच्या एका टोकाला विजेचा छोटा ठोका दिला तरी दुसऱ्या टोकाला तो पसरट होऊन निघतो. चढायला वेळ घेतो आणि उतरायला त्याहून जास्त. तारेची लांबी दुप्पट झाली की हा पसरटपणा चौपट. घाईने ठोके दिले तर आधीच्याचं शेपूट पुढच्याच्या डोक्यावर बसतं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईहून एडनकडे समुद्री तार टाकली, तेव्हा मुंबईतल्या तारवाल्यांच्याही वाट्याला हेच आलं.

नीट पाहिलं तर हा पसरलेला ठोका म्हणजे तारेचा एकक जलालेखच. पाऊस एक सेंटिमीटर, इथे ठोका एक. नदीच्या जागी तांबं.

केल्व्हिनच्या काळात तार हजारो किलोमीटर लांब होती. आज संगणकाच्या बोर्डवरची तांब्याची रेघ जेमतेम फूटभर असते, पण वेग असा वाढलाय की दुखणं तेच राहिलंय. सेकंदाला १००० कोटी बिट पाठवायचे तर एका बिटच्या वाट्याला येतात १०० पिकोसेकंद. तेवढ्या वेळात बोर्डवरचा संकेत जेमतेम दीड सेंटिमीटर सरकतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या रेघेवर एका क्षणी वीसेक बिट एकामागोमाग धावत असतात, आणि प्रत्येकाची शेपटी मागच्यांच्या पायात. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरच्या पेट्या गुणगुणत असतात. त्यांच्या आत हे अखंड चालू असतं.

या धंद्याची सूत्रं अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी घडवली. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ठोके एकमेकांत न मिसळता किती वेगाने पाठवता येतील याची अट मांडली. टेलिफोनच्या तारांवरून आकडे पाठवायची वेळ आली तेव्हा रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये आपोआप जुळवून घेणारा इक्वलायझर सादर केला, आणि त्याच्या यशाचं माप म्हणून सरासरी चूक न घेता वाईटात वाईट विकृती घेतली: आधीच्या-नंतरच्या सगळ्या बिटांच्या शेपट्या एकाच वेळी विरोधात गेल्या तर काय होईल? २००२ मध्ये इंटेलच्या ब्रायन कॅस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चिपहून दुसऱ्या चिपकडे जाणाऱ्या अतिवेगवान संकेतांसाठी ही पद्धत अशा रूपात मांडली, की धंद्यात ती पीक डिस्टॉर्शन अॅनालिसिस म्हणून रूढ झाली.

पावसाच्या हिशेबाशी ताडून पाहावं असं हे आहे. एकटा बिट पाठवला आणि दुसऱ्या टोकाला मुख्य उंची १०० मिळाली असं धरू. पुढच्या बिटांच्या वेळी त्याचे अवशेष उरतात: २०, १२, उणे ६, ४. शिवाय त्याच्या आधीच्या बिटच्या जागी ८ आगाऊ सांडतात. बिट एक असेल तर संकेत अधिक, शून्य असेल तर उणे. आता मधला बिट 'एक' आहे आणि तो वाचणं शक्य तितकं कठीण करायचं आहे. आधीचा बिट शून्य घ्यायचा, म्हणजे २० वजा. त्याच्या आधीचाही शून्य, आणखी १२ वजा. त्याच्या आधी मात्र 'एक', कारण तिथला अवशेषच उणे आहे, ६ वजा. त्याच्या आधी शून्य, ४ वजा. नंतर येणारा शून्य, ८ वजा. शंभरातले उरले ५०. यादी उलटून काळाच्या क्रमाने लिहिली की ओळ होते ०, १, ०, ०, १, ०. या मार्गावरची ही सगळ्यात वाईट ओळ, आणि ती एका बेरजेत सापडली. मेरीतल्या अभियंत्याने पट्टी उलटी सरकवली, कॅस्परने अवशेषांची यादी उलटी वाचली. फरक एवढाच की पाऊस उणे पडत नाही.

दोन्हीकडची गणितं एकाच घराण्यातली आहेत हे आयर्लंडच्या जेम्स डूज यांनी १९५९ मध्येच एका परीने दाखवलं होतं. जलालेख ही रेषीय प्रणालीची एक जात आहे, म्हणजे विजेच्या मंडलांचा सिद्धान्त तिला लागू पडतो, असं त्यांनी मांडलं. हेच डूज पुढे काही महिने त्या देशाचे परराष्ट्रमंत्री होते. जलविज्ञानात असं वळण घेणारा दुसरा माणूस शोधावा लागेल.

वाईटात वाईट ओळ सापडल्यावर खरा झगडा सुरू होतो: ती कधी येणार? ३१ बिटांची ठरावीक ओळ स्वैर प्रवाहात दर २१४ कोटी ओळींमागे एकदा येते. ऐकायला दुर्मीळ वाटतं. पण सेकंदाला १००० कोटी बिट धावत असतील तर ती पाव सेकंदाच्या आतच पुन्हा समोर येते. उलट ज्या मार्गावर शंभर बिटांच्या शेपट्या रेंगाळतात तिथली सगळ्यात वाईट ओळ यायला सरासरी चार लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी. अशा ओळीसाठी बोर्ड महाग करायचा का? म्हणून २००० च्या दशकात सांख्यिकीची वाट निघाली. सगळ्या ओळींची शक्यता धरून लाख कोटी बिटांत एखादा चुकला तर चालेल, अशा हिशेबाने मार्ग आखले जाऊ लागले. शिवाय १९८३ मध्ये आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी मांडलेल्या ८बी-१०बी संकेतांत शून्यांची किंवा एकांची लांब रांग मुळात लागूच शकत नाही. काही वाईट ओळी कागदावरच राहतात.

नदीकाठीही हाच वाद आहे, फक्त आकडे लहान. पूररेषांमध्ये निळी रेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. हे शक्यतेचं माप झालं. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता शंभर वर्षं निवांत, अशी समजूत लाल रेषेच्या आत घर घेणाऱ्यांची असते. प्रत्यक्षात तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के आहे. धरणाचा पीएमएफ मात्र शक्यता विचारतच नाही. तो किती वर्षांतून येईल हे न सांगता तो येईल असं धरूनच बांधायचं.

नाशिकचं दुखणं असं की इथे एकाच धारेचा क्रम पाहून भागत नाही. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी ही धरणं, बाजूने आळंदी, आणि शहरात वाघाडी व नासर्डी येऊन मिळतात; नासर्डी टाकळीला. प्रत्येकीची चढउताराची लय निराळी. शहरावर ढगफुटीसारखा पाऊस होऊन ओढे भरून वाहत असताना गंगापूरचा विसर्ग येऊन पोचला, तर दोन माथे एकावर एक बसतात. तेच पाणी मागेपुढे आलं तर घाटावरची दुकानं वाचतात. म्हणून धरणातून पाणी किती सोडलं याइतकंच ते कधी सोडलं याला महत्त्व आहे. पूर ओसरल्यावर होणाऱ्या आरोप-प्रत्यारोपांत मात्र 'किती' वरच भांडण रंगतं.

चिपांच्या धंद्याने अलीकडे एक सवलत घेतली आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या पीसीआय एक्सप्रेस ६.० मध्ये शून्य-एक या दोन पातळ्यांच्या जागी चार पातळ्या आल्या, त्यांच्यामधलं अंतर आक्रसलं, आणि दर दहा लाख बिटांत एखादा पहिल्या फटक्यात चुकणार हे गृहीतच धरलं गेलं. चूक दुरुस्त करणारे जादा बिट सोबत जातात, तेवढ्याने भागलं नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवला जातो. पाणी पुन्हा मागवता येत नाही, त्यामुळे धरणवाल्यांची वाट उलटी गेली. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्याने ठरवून दिलेल्या धरणांची स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी बंधनकारक केली आणि संकल्पित पुराचा फेरविचार तिचा सक्तीचा भाग केला. पहिल्या फेरीची मुदत पाच वर्षांची. ज्या धरणांचे आकडे जुन्या सूत्रांवर किंवा तोकड्या नोंदींवर काढले गेले होते, त्यांच्या पाणलोटांचा पाऊस आता पुन्हा तासातासांत तोडला जातोय आणि उलट्या क्रमाने लावला जातोय.